कुलूप काढले तेव्हा : बडोद्याची ग्रंथालय-चळवळ आणि आपली वाचनालये

महाराष्ट्राबाहेर मराठी माणूस जेथे जेथे पिढ्यान् पिढ्या राहिला, तेथे त्याने गणेशोत्सव आणला, नाटक आणले आणि वाचनालय काढले. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, बेळगाव, हैदराबाद, पणजी यांपैकी कोणत्याही गावाचा मराठी इतिहास लिहावयास घेतला, तर वाचनालयाचे प्रकरण टाळता येणार नाही. ही वाचनालये आजही उभी आहेत, कपाटे भरलेली आहेत आणि संस्थापकांच्या तसबिरींना दसऱ्याला हार पडतात. उणीव आहे ती वाचकांची. त्याचे कारण विचारले की दूरदर्शन, भ्रमणध्वनी आणि इंग्रजी शाळा यांच्याकडे बोट दाखवले जाते. ही कारणे खोटी नाहीत, परंतु ती आपल्या हातातली नाहीत. आपल्या हातातले एक कारण मात्र आपण क्वचितच तपासतो, ते म्हणजे आपल्याच वाचनालयांचे नियम. नियम बदलल्याने वाचक येतात काय, हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी एका मराठी राजाने विचारला होता आणि त्याचे उत्तर आपल्या संस्थानात करून दाखवले होते. त्या उत्तराची आठवण करून देणे हा या लेखाचा हेतू आहे.

प्रथम जुन्या नियमांना न्याय देणे उचित होईल. आपल्याकडील सार्वजनिक वाचनालयांची परंपरा एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील. रत्नागिरीचे वाचनालय १८२८ चे, नाशिकचे १८४० चे, बेळगाव आणि पुणे येथील १८४८ ची. पणजीचे सार्वजनिक ग्रंथालय तर पोर्तुगीज राजवटीत १८३२ मध्येच स्थापन झाले आणि १८३४ मध्ये धार्मिक संघ विसर्जित झाल्यावर त्यांच्या मठांतील काही ग्रंथ तेथे आले. त्या काळी ग्रंथ महाग होता आणि दुर्मीळही. विलायतेहून आलेला ग्रंथ हरवला तर दुसरा मागवावयास सहा महिने लागत. मराठी ग्रंथाची आवृत्ती पाचशे-हजार प्रतींची, आणि ती संपली की संपली. संस्था चालायची ती वर्गणीवर, म्हणजे वर्गणीदार हेच मालक. अशा स्थितीत कपाटाला कुलूप, वर्गणीदारांचे वर्ग, अनामत रक्कम, दोन प्रतिष्ठित सभासदांची शिफारस आणि मुदत टळल्यास दंड हे नियम करणारी माणसे कद्रू नव्हती. जे मोठ्या कष्टाने जमवले ते टिकावे एवढाच त्यांचा हेतू होता.

ही रीत केवळ आपलीच होती असेही नाही. इंग्लंडमधील हेरफर्ड येथील कॅथीड्रलमध्ये साखळ्यांनी फळ्यांना बांधलेले ग्रंथ आजही पाहावयास मिळतात. ऑक्सफर्डचे बॉडलियन ग्रंथालय १६०२ मध्ये सुरू झाले ते ग्रंथ बाहेर न देण्याच्या नियमावर. १६४५ मध्ये, यादवी युद्धात ऑक्सफर्ड येथे ठाण मांडून बसलेल्या राजा पहिल्या चार्ल्सने तेथून एक ग्रंथ मागवला, तेव्हा ग्रंथपाल जॉन राउस यांनी संस्थेचे नियम राजापुढे ठेवले. राजाने ते मान्य केले व ग्रंथ नेला नाही. ही गोष्ट ग्रंथपालांच्या मेळाव्यांत अभिमानाने सांगितली जाते, आणि तो अभिमान योग्यच आहे. पण ती सांगताना एक गोष्ट विसरली जाते. बॉडलियनचा हेतूच मुळी विद्वानांसाठी ग्रंथ राखून ठेवणे हा होता. गावच्या वाचनालयाचा हेतू तो नव्हे. एका हेतूसाठी केलेला नियम दुसऱ्या हेतूच्या संस्थेत नेऊन बसवला की तो चुकतो, मग तो मूळ ठिकाणी कितीही उत्तम असो.

इंग्लंडात १८५० च्या कायद्याने करातून चालणारी सार्वजनिक ग्रंथालये निघाली, तरीही ग्रंथ वाचकाच्या हाती लागत नव्हता. वाचकाने छापील सूची चाळावी, त्यातून क्रमांक काढावा, मग भिंतीएवढ्या एका फळीवर तो क्रमांक शोधावा. त्या फळीवर प्रत्येक ग्रंथासाठी एक लहानसा कप्पा असे आणि त्यातील पट्टीचा रंग पाहून ग्रंथ आत आहे की बाहेर गेला आहे ते कळे. एवढे झाल्यावर खिडकीशी जाऊन क्रमांक सांगावयाचा. ज्याला कोणता ग्रंथ हवा हे आधीच ठाऊक आहे त्याचे काम यात भागे. ज्याला काय वाचावे हेच ठाऊक नाही, त्या बिचाऱ्याची सोय या व्यवस्थेत कोठेच नव्हती. आणि सामान्य वाचक बहुधा हा दुसऱ्या प्रकारचा असतो.

लंडनमधील क्लार्कनवेल येथील ग्रंथपाल जेम्स डफ ब्राउन यांनी १८९३ मध्ये अमेरिकेचा दौरा केला आणि परत आल्यावर, १८९४ मध्ये, आपल्या ग्रंथालयाची कपाटे वाचकांना खुली केली. ग्रंथ विषयवार लावले, वाचकाने आत जावे, हाताळावे, निवडावे आणि देवघेवीच्या मेजावरून नोंद करून बाहेर पडावे अशी ही मुक्तद्वार पद्धती होती. तिला समव्यवसायी ग्रंथपालांनीच कडाडून विरोध केला. चोऱ्या होतील, ग्रंथांची सरमिसळ होईल, गोंधळ माजेल, असे आक्षेप निघाले. ब्राउन यांनी आत जाण्याचा व बाहेर पडण्याचा मार्ग वेगवेगळा ठेवून, दोन्ही वाटा मेजावरच्या माणसाच्या नजरेखालून नेल्या. अर्थात पहारा त्यांनीही सोडला नाही. त्यांनी तो कपाटापासून हलवून दारापाशी नेला, आणि एवढ्या बदलाने ग्रंथ आणि वाचक यांच्यामधली भिंत पडली.

आता बडोद्याकडे वळू. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचा गोपाळ नावाचा मुलगा १८७५ मध्ये दत्तक जाऊन सयाजीराव गायकवाड झाला आणि १८८१ मध्ये त्याच्या हाती राज्यकारभार आला, ही कथा आपल्या वाचकांस सांगावयास नको. सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात केला आणि १९०६ मध्ये तो सर्व संस्थानास लागू केला. यातूनच पुढचा प्रश्न उभा राहिला. मुलगा चौथी-पाचवी शिकतो, शाळा सोडतो, शेतावर जातो आणि वाचावयास काहीच नसल्यामुळे काही वर्षांत अक्षरे विसरतो. मग शाळेवर केलेला खर्च वाया जातो. शिकलेले टिकवावयाचे तर पुस्तक त्याच्या गावी, त्याच्या भाषेत आणि त्याच्या खिशाला भार न पडता मिळाले पाहिजे. महाराजांच्या दृष्टीने ग्रंथालय ही शाळेची पुढची इयत्ता होती.

१९०६ च्या अमेरिका प्रवासात महाराजांनी तेथील सार्वजनिक ग्रंथालये पाहिली होती. १९१० मध्ये त्यांनी न्यू हेवन येथील यंग मेन्स इन्स्टिट्यूटचे ग्रंथपाल विल्यम अलन्सन बॉर्डन यांना बडोद्यास आणले. बॉर्डन १९१३ पर्यंत, म्हणजे जेमतेम तीन वर्षे येथे होते. तेवढ्या काळात त्यांनी संस्थानाचे ग्रंथालय खाते उभे केले, १९११ मध्ये ग्रंथालयशास्त्राचा वर्ग काढला, जो हिंदुस्थानातील अशा प्रकारचा पहिला वर्ग मानला जातो, आणि ड्यूई व कटर या दोघांच्या पद्धतींचा मेळ घालून बडोद्यासाठी स्वतंत्र वर्गीकरण तयार केले. १९१२ मध्ये ‘लायब्ररी मिसेलनी’ हे त्रैमासिक निघाले. त्यात इंग्रजी, गुजराती आणि मराठी असे तिन्ही भाषांतील विभाग असत. ग्रंथालयाच्या कामकाजाची चर्चा मराठीतून करणारे नियतकालिक एवढ्या आधी, तेही महाराष्ट्राबाहेर निघत होते, ही गोष्ट आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक आहे?

मध्यवर्ती ग्रंथालयाचा पाया घातला गेला तो महाराजांच्या स्वतःच्या राजवाड्यातील ग्रंथसंग्रहाने. त्यांचे बंधू संपतराव गायकवाड यांचा संग्रहही त्यास येऊन मिळाला. या घटनेचे महत्त्व केवळ औदार्यापुरते नाही. जो संग्रह काल एका कुटुंबाच्या कपाटांत बंद होता, तो आज विनामूल्य आणि मुक्तद्वार पद्धतीने रयतेपुढे ठेवला गेला. ज्याच्या मालकीचे ग्रंथ, त्यानेच कुलूप काढले. राजाला आपले ग्रंथ रयतेच्या हाती देण्याची भीती वाटली नाही. अशा वेळी एखाद्या वाचनालयाच्या कार्यकारिणीला वर्गणीतून आलेल्या पुस्तकांविषयी ती वाटावी, हे पाहून मौज वाटते.

पण बॉर्डन आणि त्यांच्यानंतरच्या अधिकाऱ्यांचे खरे कर्तृत्व शहराबाहेर दिसते. ग्रंथालयात येऊ न शकणारा वाचक हा ग्रंथालयाचा वाचकच आहे, असे त्यांनी गृहीत धरले. लाकडी पेट्यांत वीस-तीस निवडक पुस्तके भरून त्या पेट्या खेडोपाडी पाठवल्या जात, काही महिन्यांनी ती पेटी परत येऊन दुसरी जाई. हीच फिरती ग्रंथालये. ज्याला वाचता येत नव्हते त्याच्यासाठी चित्रदर्शनाचा स्वतंत्र विभाग होता, आणि जादूच्या कंदिलाची चित्रे व चलच्चित्रे गावोगावी दाखवली जात. मुलांसाठी आणि स्त्रियांसाठी निराळ्या सोयी करण्यात आल्या. त्या काळच्या बहुतेक वाचनालयांत मुलाला दारातच हटकले जाई, हे ध्यानात घेतले म्हणजे या निर्णयाचे मोल कळते.

गावची ग्रंथालये उभी करण्याची रीतही विचार करण्याजोगी होती. वर्षाला गावाने शंभर रुपयांपर्यंत, शहराने तीनशेपर्यंत आणि प्रांताच्या मुख्य ग्रंथालयाने सातशे रुपयांपर्यंत जी रक्कम जमवावी, तेवढीच सरकार देई आणि तेवढीच प्रांत पंचायत देई. म्हणजे लोकांच्या एका रुपयाचे तीन होत. केवळ सरकारी देणगी असती तर गावाला ते ग्रंथालय आपले वाटले नसते. केवळ वर्गणी असती तर गरीब बाहेर राहिला असता. या कामास जमीन आधीच तयार झाली होती. पेटलादचे शिक्षक मोतीभाई अमीन यांनी १९०६ पासून ‘मित्रमंडळ’ या नावाने वाचनालये काढण्यास प्रारंभ केला होता, आणि पुढे ते याच खात्यात आले. बॉर्डन परतल्यावर सूत्रे ज. स. कुडाळकर यांच्याकडे आली. त्यांनी या चळवळीचा वृत्तान्त १९१९ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला, आणि त्याच वर्षी मद्रासला भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय सार्वजनिक ग्रंथालय परिषदेचे अध्यक्षस्थान भूषवले. त्यांच्यानंतर न्यूटन मोहन दत्त यांनी हे काम चालवले.

येथे एक शंका निघेल. सर्वच ग्रंथ असे उघड्यावर ठेवले तर जुने, मोलाचे, पुन्हा न मिळणारे ग्रंथ कसे टिकावेत? बडोद्याने याचेही उत्तर दिले आहे. मध्यवर्ती ग्रंथालयात संस्कृत हस्तलिखितांचा विभाग वेगळा ठेवलेला होता. त्यातील ग्रंथ संपादित होऊन ‘गायकवाड ओरिएंटल सिरीज’ या मालेत छापले जाऊ लागले, आणि १९२७ मध्ये त्या विभागाची स्वतंत्र प्राच्यविद्या संस्था झाली. म्हणजे जपावयाचे ते निराळे काढून नीट जपले, छापून त्याची प्रत सर्वांच्या हाती दिली, आणि उरलेले खुले केले. पुढे मांडवी परिसरात मध्यवर्ती ग्रंथालयाची जी इमारत झाली, तिच्या ग्रंथदालनाच्या मजल्यांची जमीन काचेची आहे. वरचा उजेड खालच्या फळ्यांपर्यंत पोहोचावा आणि पुस्तकाच्या पाठीवरील नाव वाचता यावे, ही त्यामागील साधी दृष्टी. सर्वच ग्रंथांना एकच कुलूप लावणे किंवा सर्वच ग्रंथांचे कुलूप काढणे हे दोन्ही आळसाचे मार्ग होत. कोणते जपावे आणि कोणते फिरवावे हे बसून ठरवणे हे खरे काम.

१९३१ मध्ये मद्रासला डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धान्त मांडले. ग्रंथ हे वापरण्यासाठी असतात, हा त्यांतील पहिला. दुसरा आणि तिसरा वाचक व ग्रंथ यांची परस्परांशी गाठ घालून देण्याविषयीचे. चौथा वाचकाचा वेळ वाचवण्याविषयीचा आणि पाचवा ग्रंथालय हे वाढते सजीव असल्याविषयीचा. पहिला सिद्धान्त वाचून कोणालाही हसू येईल, कारण ग्रंथ वापरण्यासाठी नसतील तर कशासाठी? तरी तो सिद्धान्त म्हणून मांडावा लागला, यातच तत्कालीन ग्रंथालयांची अवस्था दिसते. बडोद्याने त्याच्या वीस वर्षे आधी तो आचरणात आणला होता.

दंडाविषयीही अलीकडे मोठा फेरविचार झाला आहे. उशिरा परत केलेल्या पुस्तकावरील दंड हा वाचकाला शिस्त लावतो, अशी शंभर वर्षांची समजूत होती. अमेरिकन ग्रंथालय संघाने जानेवारी २०१९ मध्ये असा ठराव केला की, हे दंड गरीब वाचकाला ग्रंथालयाबाहेर ठेवतात. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात शिकागोच्या सार्वजनिक ग्रंथालयाने उशिराचा दंड रद्द केला व जुना थकलेला दंडही माफ केला. हरवलेल्या पुस्तकाची किंमत मात्र भरावीच लागे. परिणाम उलटा झाला. पहिल्या तीन आठवड्यांत परत येणाऱ्या पुस्तकांत २४० टक्के वाढ झाली. लोक पुस्तक परत करीत नव्हते ते दंडाच्या भीतीने, आणि दंड वाढत गेला तसतसे ते स्वतःही दूर राहत गेले. न्यूयॉर्कनेही ऑक्टोबर २०२१ मध्ये हाच मार्ग धरला. जो नियम ग्रंथ परत यावा म्हणून केला, तोच ग्रंथ आणि वाचक दोघांनाही अडवत होता.

हे सारे आपल्यापुढे मांडण्याचे कारण उघड आहे. वरील गावांतील आपली अनेक मराठी वाचनालये आजही १८४८ च्या नियमांवर चालतात. ‘किल्ली चिटणीसांकडे आहे’ हे वाक्य आपल्यापैकी पुष्कळांनी ऐकले असेल, आणि काहींनी ते स्वतः म्हटलेही असेल. सायंकाळी दोन तास दार उघडे, तेही नोकरदाराच्या घरी परतण्यापूर्वी बंद. सभासद व्हावयाचे तर दोन जुन्या सभासदांच्या सह्या हव्यात, आणि शहरात नव्याने आलेल्या मराठी कुटुंबाची तर कोणाशी ओळखच नसते. नवी मासिके वरच्या वर्गाच्या वर्गणीदारांना आधी. मुलांनी कपाटाशी जाऊ नये. या प्रत्येक नियमाला एकेकाळी कारण होते. आज त्यांतील किती कारणे शिल्लक आहेत?

नियमाचा खर्च आपल्याला दिसत नाही, हे या साऱ्याचे मूळ आहे असे आम्हांस वाटते. पुस्तक हरवले तर ते नोंदवहीत दिसते, वार्षिक अहवालात येते, सर्वसाधारण सभेत कोणीतरी उठून त्याचा जाब विचारतो. पण दारातून परत गेलेला वाचक कोणत्याच वहीत नोंदला जात नाही. त्यामुळे कार्यकारिणी जेव्हा हिशेब मांडते, तेव्हा एका बाजूस गेलेली दहा पुस्तके असतात आणि दुसऱ्या बाजूस काहीच नसते. मग नियम अधिक कडक होतो. असे होता होता एक दिवस पुस्तके सगळी जागेवर असतात आणि वाचनालयात चिटणीस, ग्रंथपाल व वर्तमानपत्र वाचावयास येणारे चार ज्येष्ठ नागरिक एवढेच उरतात.

आपल्या बाबतीत हा प्रश्न इतरांहून अधिक नाजूक आहे. पुण्या-मुंबईच्या मुलाला वाचनालयात मराठी पुस्तक मिळाले नाही तर ते दुकानात मिळेल, शाळेत मिळेल, मित्राकडे मिळेल. बडोद्याचा मराठी मुलगा शाळेत गुजराती वा इंग्रजी वाचतो, हैदराबादचा तेलुगू वा इंग्रजी, इंदूर-ग्वाल्हेरचा हिंदी वा इंग्रजी. घरात तो मराठी बोलतो, परंतु मराठी पुस्तक हाताळण्याची त्याची एकमेव जागा बहुधा आपले वाचनालयच असते. तेथे तो एकदा परत गेला तर दुसरे दार त्याला नाही. त्याच्यापुरती मराठी ही बोलण्याची भाषा राहते, वाचण्याची राहत नाही, आणि त्याच्या मुलांपर्यंत ती बोलण्याचीही पोहोचेल याची खात्री देता येत नाही. वाचनालय टिकवावयाचे ते यासाठी. ग्रंथ टिकले आणि वाचणारा संपला, तर ते वाचनालय नव्हे, वस्तुसंग्रहालय होईल.

तेव्हा करावे काय? आमच्या मते बडोद्याचाच क्रम धरावा. प्रथम जपण्याचे निराळे काढावे. आपल्या कित्येक संग्रहांत एकोणिसाव्या शतकातील दोलामुद्रिते, बंद पडलेल्या मासिकांचे जुने अंक आणि स्थानिक छापखान्यांत निघालेल्या, इतरत्र न मिळणाऱ्या पुस्तिका आहेत. त्यांना कुलूप हवेच, त्याबरोबर वाळवीपासून रक्षण हवे आणि संगणकीय प्रतही हवी, जेणेकरून मूळ प्रत न हाताळता ग्रंथ वाचता येईल. हे झाल्यावर उरलेली कपाटे उघडावीत. जी कादंबरी बाजारात दोन-तीनशे रुपयांत पुन्हा मिळते, तिच्यासाठी वाचकावर अविश्वास दाखवणे महाग पडते. मुलांचे एक कपाट खाली, त्यांच्या हाताच्या उंचीवर असावे. वेळ नोकरदाराच्या आणि विद्यार्थ्याच्या सोयीने ठरवावी, निदान रविवारी सकाळी दार उघडे असावे. शिफारशीची अट काढून साधा ओळखपुरावा घ्यावा. दंड काढून आठवणीचा दूरध्वनी करावा. जे ज्येष्ठ आता जिना चढू शकत नाहीत त्यांच्या घरी, बडोद्याच्या त्या लाकडी पेटीप्रमाणे, महिन्याला पाच-दहा पुस्तकांची पिशवी पोहोचवावी. हे काम एखादा महाविद्यालयीन विद्यार्थी आनंदाने करील, आणि त्या निमित्ताने तोही पुस्तके चाळील.

काही पुस्तके जातील, हे आम्ही नाकारीत नाही. बडोद्यातही गेली असतील, क्लार्कनवेलमध्येही गेली असतील. बडोदे संस्थान १ मे १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झाले, परंतु सयाजीरावांनी उघडलेले मध्यवर्ती ग्रंथालय आजही वाचकांच्या सेवेत आहे. त्यांच्या मराठी प्रजेचे आपण वारस. तेव्हा येत्या सर्वसाधारण सभेत आपापल्या वाचनालयाची नियमावली एकदा मोठ्याने वाचावी, प्रत्येक नियमापाशी थांबावे आणि हा नियम आज कोणाचे रक्षण करतो असे विचारावे. ज्याला उत्तर मिळेल तो ठेवावा. ज्याला मिळणार नाही, तो त्याच सभेत ठराव करून रद्द करावा.